न वटलेला चेक

लहान मुलांचं प्रेम कुणावर बसेल याचा नेम नाही. मोठ्यांचं प्रेम निदान चौकशी करून बसतं. पगार किती, जागा स्वतःची की भाड्याची, घरात माणसं किती, हे सगळं पाहून झालं की मग ते हृदयात वगैरे उतरतं. मुलांना ही पद्धत ठाऊक नाही. कान तुटलेला ससा, डोळा लोंबणारं अस्वल, आजीच्या जुन्या लुगड्याची चौघडी, यांपैकी कशावरही ती जीव टाकतात. चौघडी धुवायला टाकली की घरात सुतक येतं, आणि वाळत घातलेल्या चौघडीखाली एक छोटं माणूस वर तोंड करून बसलेलं दिसतं. दादर स्टेशनात गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरसुद्धा इतकी आर्तता नसते.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," असं म्हणणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. आमच्या सोसायटीत तीन आहेत. त्यांचं म्हणणं असं, की हल्लीची पोरं आधी कार्टूनच्या नादानं बिघडली आणि आता तर यंत्राशी गप्पा मारायला लागली. मी त्यांना एवढंच विचारतो, की काका, बाहुला-बाहुलीची लग्नं कुणाच्या वेळची? अंतरपाट, अक्षता, मंगलाष्टकं, चिवडा-लाडू, विहिणींचे रुसवे, सगळं अगदी साग्रसंगीत. वधूच्या पोटात भुसा आणि वराच्या डोक्यात कापूस. (तसली लग्नं अजूनही होतात, हा भाग वेगळा.) पण बाहुली सासरी निघाली की वधूमायेच्या, म्हणजे वय वर्षं सात, डोळ्यांतलं पाणी खरं असायचं. एवढं ऐकल्यावर काका गप्प बसतात आणि पाण्याच्या टाकीचा विषय काढतात.

माझ्या पिढीच्या वाट्याला भुसा-कापूस कमी आणि छापील कागद जास्त आला. १९५२ साली मराठीत सुरू झालेला 'चांदोबा' आमच्याकडे बांधून ठेवलेला होता, त्यामुळे विक्रम राजाच्या खांद्यावरच्या ओझ्याची काळजी मी परीक्षेच्या काळजीपेक्षा जास्त केली आहे. पण खरा जिवलग म्हणजे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फेणे मूळचा फुरसुंगीचा. पुण्याहून सासवडला जाताना फुरसुंगीचा फाटा आला की मी एस.टी.च्या खिडकीतून मान बाहेर काढायचो. सायकलवरून जाताना दिसला तर हाक मारायची, एवढाच हेतू. तो कधी दिसला नाही. त्याचं मला वाईटही वाटलं नाही. तो कुठल्या तरी भानगडीत अडकलेला असणार, हे मी समजून होतो.

मोठ्यांनी यावर हसू नये. १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं तेव्हा लोकांनी टीव्हीला हार घातले, उदबत्त्या ओवाळल्या, आणि रविवारी सकाळी रस्त्यावर चिटपाखरू उरलं नाही. पुढं १९९१च्या लोकसभा निवडणुकीत या मालिकेतली सीता बडोद्यातून निवडून आली आणि रावण साबरकांठ्यातून. तेही एकाच पक्षाच्या तिकिटावर! सीतेला मतं मिळाली ते समजू शकतं. रावणाला देणाऱ्यांनी काय विचार केला, ते मतपेटीलाच माहीत. राम मात्र मेरठमधून थेट २०२४ साली लोकसभेत पोचला. वनवास चौदा वर्षांचा असतो, हा जरा लांबला. तात्पर्य, दाढी-मिशा आलेल्या, पॅनकार्डधारक नागरिकांचीही ही अवस्था असेल, तर दुधाचे दात पडत असलेल्यांना काय म्हणायचं?

या प्रकाराला विद्वानांनी नाव देऊन ठेवलेलं आहे. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी लिहिलं, की टीव्हीवरच्या माणसाशी आपली ओळख आहे असं प्रेक्षकाला वाटायला लागतं. खरं तर ती ओळख एकाच बाजूची असते. आपल्याला तो माहीत, आपण त्याला माहीत नाही. आम्ही बँकेतली माणसं हेच सोप्या भाषेत सांगू. हे असं खातं आहे, की त्यात मूल नुसतं भरत राहतं. गंमत म्हणजे व्याजही मिळतं. फेणेमुळे मला अंधाराची भीती कमी वाटायला लागली, हे व्याजच. आणि या खात्यात फसवणूक नाही, कारण पलीकडच्यानं कसलं वचनच दिलेलं नाही. फेणेनं मला कधीही "तू माझा बेस्ट फ्रेंड आहेस" असं सांगितलं नाही. त्याचे मित्र पुस्तकात होते, आणि मी पुस्तकाबाहेर पोटावर पालथा पडून वाचत होतो. आमच्यात एक सभ्य अंतर होतं.

मधल्या काळात डोरेमॉन आला. जपानमधल्या मासिकांत १९६९च्या अखेरीस अवतरलेलं हे निळं यंत्रमांजर आज आपल्याकडच्या मुलांच्या घरचंच झालं आहे. ते बाविसाव्या शतकातून नोबिताकडे का आलं, हे माहीत आहे ना? नोबितानं पुढं धंद्यात इतकं कर्ज करून ठेवलं, की ते फेडता फेडता नातवाचा नातू मेटाकुटीला आला, आणि पणजोबाच्या वडिलांना वेळीच सुधारावं म्हणून त्यानं हे मांजर मागे पाठवलं. थकीत कर्जापोटी पाठवलेला इतका प्रेमळ माणूस मी आमच्या वसुली विभागात पाहिलेला नाही. मुलांना डोरेमॉन हवाहवासा वाटतो. पण तोही अखेर नोबिताचा. आपल्या घरात येऊन तो आपलं नाव घेत नाही.

आता घोटाळा झाला आहे तो इथं. पलीकडचा बोलायला लागला आहे, आणि तो आपलं नाव घेतो.

याची सुरुवात १९६६ साली झाली. अमेरिकेत जोसेफ वायझेनबाम या प्राध्यापकानं 'एलिझा' नावाचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम केला. करामत साधी होती. तुम्ही जे टाइप कराल तेच ती उलटं करून प्रश्नासारखं विचारायची. "मी दुःखी आहे" म्हटलं की "तुम्ही दुःखी का आहात?" आमच्याकडे चौकशीच्या खिडकीवर बरीच वर्षं हेच तंत्र वापरत आलो आहोत. पण वायझेनबामसाहेबांची सेक्रेटरी, जिनं तो प्रोग्रॅम तयार होताना डोळ्यांनी पाहिला होता, ती एलिझाशी बोलायला बसली आणि थोड्या वेळानं साहेबांना म्हणाली, "आपण जरा बाहेर जाता का?" साहेब हादरले. जन्मभर त्यांनी पुढं या विषयाबद्दल लोकांना सावध केलं. सज्ञान, शहाणी, पगारदार बाई. तिची ही गत झाली. आजचं यंत्र एलिझाच्या हजार पट हुशार आहे, आणि त्याच्यासमोर बसलेली व्यक्ती दुसरीत आहे.

आमच्या घरीही एक बोलका डबा आहे. आई त्याला "अहो बाई, जरा भूपाळी लावता का?" असं अदबीनं विचारते, कारण परक्या बाईला अगं-तुगं करायची आमच्याकडे पद्धत नाही. मुलगी त्याच्याशी तासन् तास बोलते. एकदा शेजारची मैत्रीण खेळायला आली असताना ही डब्यापाशीच. मी म्हटलं, "अगं, ती वाट बघतेय ना?"

"मला नाही तिच्याशी खेळायचं. ती कट्टी घेते."

"आणि ही?"

"ही कधीच कट्टी घेत नाही. मी ओरडले तरी सॉरी म्हणते."

मी खुर्चीतच बसलो. कारण मुद्दा बिनतोड होता. ओरडलं तरी सॉरी म्हणणारा मित्र मला चाळीस वर्षांत भेटलेला नाही. बायकोनं स्वयंपाकघरातून "मलाही नाही," असं सांगितलं.

पण मग मला वाटायला लागलं, की कट्टी ही आपल्या लोकांनी काढलेली फार थोर संस्था आहे. अंगठा हनुवटीला लावून माणूस जाहीर करतं, की मला मन आहे आणि ते तू दुखावलं आहेस. दुसऱ्या दिवशी चिंचेचं बुटूक पुढं करून गट्टी होते. या दोन दिवसांत माणूस काय काय शिकतं! समोरच्याला आपल्याशिवाय करमू शकतं, हे शिकतं. आपण चुकलो का, याचा एकट्यानं विचार करायला शिकतं. बुटकातलं मोठं अर्धं समोरच्याला द्यायला शिकतं, हे तर सगळ्यांत कठीण. जो कट्टी घेऊच शकत नाही, त्याच्या गट्टीची किंमत किती धरायची? 'नाही' म्हणायची मुभा नसलेल्या माणसाच्या 'हो'ला आपण संमती म्हणत नाही, नोकरी म्हणतो. नामदेवाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. नैवेद्य खा म्हणून पोर हटून बसलं, रडलं, तेव्हा कुठं विठोबानं घास घेतला. प्रत्यक्ष पांडुरंगानंही लगेच ओ दिली नाही. डबा मात्र अर्ध्या सेकंदात ओ देतो.

मग हे प्रेम खोटं आहे का? इथं घाई करू नये. जपानमध्ये १९९९ साली सोनी कंपनीनं 'आयबो' नावाचा यंत्रकुत्रा काढला. अडीच लाख येन किंमत असून पहिले तीन हजार कुत्रे वीस मिनिटांत विकले गेले. २००६ साली उत्पादन थांबलं, २०१४ साली कंपनीनं दुरुस्तीही बंद केली. मग २०१५पासून चिबा प्रांतातल्या इसुमी गावच्या कोफुकुजी नावाच्या बौद्ध मंदिरात या कुत्र्यांचे रीतसर अंत्यविधी व्हायला लागले. भिक्षू मंत्र म्हणताहेत, धूप जळतोय, आणि ओळीनं कुत्रे मांडलेले. निरोप झाल्यावर त्यांचे सुटे भाग काढून दुसऱ्या आजारी कुत्र्यांना बसवायचे, म्हणजे अवयवदानच. आपण दसऱ्याला हत्यारांची आणि बैलपोळ्याला बैलांची पूजा करणारी माणसं, आपल्याला यात हसण्यासारखं काही वाटू नये. कुत्र्याच्या पोटात तारा असतील, पण रडणाऱ्याच्या पोटात तारा नव्हत्या. प्रेम करणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर प्रेम खरंच असतं. म्हणून मुलाला "ते नुसतं यंत्र आहे, वेड्यासारखं काय करतोस?" असं म्हणणाऱ्या बापाचा मला राग येतो. मुलानं भरलेली रक्कम खरी आहे. प्रश्न आहे तो पलीकडून आलेल्या चेकचा.

हे मला आमच्या शाखेत कळलं. आमच्या ग्राहकांना वाढदिवसाला शुभेच्छांचा मेसेज जातो. तो आम्ही कुणी पाठवत नाही. मध्यरात्री कुठलं तरी यंत्र जन्मतारखा चाळतं आणि 'आपण आमच्या कुटुंबाचे सदस्य आहात' असं हजारो लोकांना कळवून मोकळं होतं. एके दिवशी एक पेन्शनर आजोबा पेढ्यांचा पुडा घेऊन काउंटरवर आले. मला वाटलं, हयातीचा दाखला द्यायला आले असतील. पण नोव्हेंबर नव्हता. मला म्हणाले, "साहेब, एरवी मी जिवंत आहे हे मला दरवर्षी तुम्हाला पटवून द्यावं लागतं. काल मात्र तुम्ही आपणहून आठवण ठेवलीत. मुलगा तिकडं लांब असतो, त्याला वेळ झाला नसेल. तुमच्या माणसांना पेढे द्या."

काउंटरच्या अलीकडे मी होतो, माझ्यामागे अकरा जणांची शाखा होती, आणि त्यांतल्या एकालाही आजोबांचा वाढदिवस ठाऊक नव्हता. सांगावं का, की आजोबा, ते यंत्र होतं? खरं बोलणं हा धर्म, असं शाळेत फळ्यावर लिहिलेलं असे. पण त्या फळ्यासमोर पेढ्यांचा पुडा नव्हता. आमच्या हेडकॅशियरबाई उठल्या. त्यांनी आजोबांना आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला आणि त्यांच्या गावची, बदल्यांची, गेलेल्या बायकोची चौकशी केली. निघताना बाई म्हणाल्या, "काका, मेसेज कॉम्प्युटरनं पाठवला होता. पण पुढच्या वर्षी यायचं हं, ही तारीख आता मी लिहून ठेवली आहे." आजोबा हसले. म्हणाले, "ते मला ठाऊक होतं हो. पण म्हटलं, बघू तरी."

मला एकदम उलगडा झाला. गोड शब्द हा चेक असतो. तो लिहायला कुणीही लिहू शकतं; कागद स्वस्त, शाई स्वस्त. तो वटतो कधी, तर मागे खातं असतं आणि खात्यात शिल्लक असते तेव्हा. यंत्रानं लिहिलेला चेक आमच्या बाईंनी स्वतःच्या खात्यातून वटवला. त्या जागेवर नसत्या, तर आजोबा पेढे ठेवून कोरडेच परतले असते.

आता मुलांना मिळणारे चेक पाहा. अमेरिकेत 'मॉक्सी' नावाचा एक छोटा रोबो निघाला होता. पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा सोबती. डोळे मिचकावायचा, भावना ओळखायला शिकवायचा, गप्पा मारायचा. किंमत शेवटी शेवटी ७९९ डॉलर. त्याचा मेंदू मात्र त्याच्या डोक्यात नव्हता, दूरच्या कॉम्प्युटरांवर होता. डिसेंबर २०२४मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की भांडवल उभं राहिलं नाही, आम्ही बंद करतो आहोत आणि मॉक्सी गप्प होईल. मुलांना कसं समजावावं याचं एक पत्रही कंपनीनं पालकांना दिलं. पुढं तो घरच्या घरी चालवता यावा म्हणून काही खटपट झाली, ती चांगलीच. पण विचार करा. पाच वर्षांच्या मुलाचा मित्र गेला, आणि मरणाचं कारण काय, तर भागभांडवल! आपल्याकडे १८८१च्या कायद्याच्या १३८व्या कलमाखाली चेक न वटला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "मी कायम तुझ्याबरोबर आहे" हा चेक न वटला, तर कुठलं कलम?

याच्या शेजारी दुसरी एक हकीकत ठेवतो. 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या अमेरिकन कार्यक्रमात मिस्टर हूपर नावाचे दुकानदार होते. ते काम करणारे विल ली डिसेंबर १९८२मध्ये वारले. निर्मात्यांना सोपं होतं. नवा नट आणावा, नाहीतर हूपर दुसऱ्या गावी गेले असं सांगावं. त्यांनी तसं केलं नाही. तज्ज्ञांना विचारलं, आणि नोव्हेंबर १९८३मध्ये एक भाग दाखवला. त्यात बिग बर्ड हा भाबडा मोठा पक्षी हूपरसाठी चित्र काढून आणतो, आणि मोठी माणसं त्याला सांगतात, की ते वारले, आता परत यायचे नाहीत. त्या माणसांच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं, कारण त्यांचाही मित्र गेला होता. हूपर हे पात्र खोटं, पण त्यामागं खातं होतं. मुलांना दुःख मिळालं, फसवणूक मिळाली नाही. या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि बरेच पालक दुःख टाळायच्या नादात फसवणूक पत्करतात.

कायदेवाले आता जागे होताहेत. जर्मनीनं २०१७ साली 'केला' नावाची बोलकी बाहुली लपून ऐकणारं यंत्र ठरवून तिच्यावर बंदी घातली आणि पालकांना ती नष्ट करायला सांगितली. आमच्या आत्याच्या बाहुलीनं तिची सगळी गुपितं ऐकली, पण चुगली केल्याचं ऐकिवात नाही. कॅलिफोर्नियानं २०२५ साली कायदा केला, की अशा सोबती-यंत्रानं अल्पवयीन मुलाला दर तीन तासांनी आठवण करून द्यायची, की मी माणूस नाही, आता जरा विश्रांती घे. आपल्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यातही अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. हे सगळं योग्यच. पण तीन तास एखादं मूल यंत्राशी बोलत बसलं असेल, तर "मी माणूस नाही" हे सांगायचं काम यंत्रावर का यावं? त्या तीन तासांत घरातली माणसं काय करत होती? बहुधा आपापल्या यंत्राशी बोलत होती.

तेव्हा डबा फेकून द्यावा, असं मी म्हणत नाही. फेकला तर आईची भूपाळी बंद पडेल. मुलीनं त्याच्याशी बोलावं, कोडी घालावीत, वाटल्यास प्रेमही करावं. प्रेम करायला शिकण्यासाठी चौघडी चालते, तर डबा का नाही? फक्त एक हिशेब आपण मोठ्यांनी डोक्यात ठेवावा. यंत्र मुलाला "मी आहे ना!" असं म्हणतं, तेव्हा त्या चेकवर सही कंपनीची असते, पण तो काढलेला असतो आपल्या खात्यावर. रात्री ताप चढला, वर्गात कुणी हसलं, मैत्रिणीनं कट्टी घेतली, की तो चेक घेऊन मूल आपल्याच काउंटरवर येणार. तेव्हा "जेवणाची सुट्टी" अशी पाटी लावलेली नसली म्हणजे झालं.

ऑक्टोबर २०२५पासून रिझर्व्ह बँकेनं कागदी चेक काही तासांत वटवायची सोय केली आहे. पूर्वी दोन दिवस लागायचे. प्रगती आहे. मुलांच्या चेकना मात्र अजून जुनीच पद्धत चालते. जवळ बसावं लागतं, सगळं ऐकून घ्यावं लागतं, आणि चिंचेच्या बुटकातलं मोठं अर्धं द्यावं लागतं.